एकाच भाताचं शिवार

मावशीच्या शेतात करपा पडला तेव्हा मी इंटर सायन्सला होते. जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं अशी तेव्हा माझी समजूत होती. वनस्पतिशास्त्रात मात्र गटांगळ्या खात होते, पण ते मी कुणाला सांगत नसे.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला. वडील कारखान्यात पाळीवर जायचे, आई घर सांभाळायची. मावशी बदलापूरला, हेंद्रेपाड्याच्या पलीकडे राहायची. तिकडे तेव्हा खाचरं आणि बांध यांच्याखेरीज काही नव्हतं. आता कुणी मोठ्या ऐटीत सांगतं की हेंद्रेपाड्याला फ्लॅट घेतला, तेव्हा मी तोंडाने अभिनंदन करते आणि मनात म्हणते, बाबा रे, तू माझ्या मावशीच्या भातावर झोपतोस, जरा जपून कूस बदल.

मावशी आईची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं आणि नवरा लवकर गेला. जिभेला हाड नव्हतं तिच्या. समोर गावचा पाटील असो की देवळातला गुरव, जे बोलायचं ते तोंडावर. पण तिचा खरा स्वभाव बोलण्यात नव्हता, देण्यात होता. कुणी तिच्या दारावरून रिकाम्या हाताने गेलेलं तिला खपत नसे. आणि कुणाकडून काही घेणं? छे! आईने एकदा दिवाळीला लुगडं पाठवलं, तर आठवड्याच्या आत आमच्या दारात तांदळाची गोण आली. आई चिडली. म्हणाली, "हिला काही द्यायचं म्हणजे आपल्याच डोक्यावर ओझं." मला तेव्हा मावशीचं कौतुकच वाटायचं. माणसाने असंच ताठ जगावं, असं वाटायचं.

मावशीचे यजमान गेल्यावर घरात वाटणी झाली. ओढ्याकाठचं शेत तिच्या वाट्याला आलं, पण सरळपणे नाही. तिचा धाकटा दीर म्हणाला, बाईमाणूस नांगराला हात लावत नाही, मग शेत कसणार कोण? शेवटी गावातल्या चार जुन्या माणसांसमोर ठरलं, की जोवर मावशी त्या शेतातून स्वतःची कणगी, म्हणजे भात साठवायची उभी टोपली, भरते तोवर शेत तिचं. ज्या वर्षी कणगी रिकामी राहील त्या वर्षीपासून शेत दीर कसेल आणि तिला पोटापुरतं भात देईल. म्हणजे आश्रितासारखं राहायचं. मावशीने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी मजुरीने नांगऱ्या ठरवला. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद झालं. घरं मात्र एकमेकांना चिकटलेली, मधे एक कुडाची भिंत. इकडे फोडणी दिली की तिकडे ठसका लागायचा.

पुढे शेतकी खात्याचा एक माणूस सुधारलेलं बी घेऊन गावात आला. कुणी पुढे होईना. जो तो म्हणे, आधी दुसऱ्याने लावू दे. मावशी पुढे झाली. कणगीचा प्रश्न होता ना! ते भात मी पाहिलंय. एका उंचीचं, एका रंगाचं, एकाच दिवशी पोटरीला येणारं. आधी तिच्या शेतात सगळ्या प्रकारच्या भातांची खिचडी असायची. कुठे तांबडी लोंबी, कुठे पांढरी, एखादं रोप उगाच लांब मान करून उभं. शेजारी दिराच्या शेतात तीच खिचडी अजून होती. सासूच्या वेळचं बी, तेच दरवर्षी राखून ठेवलेलं. नव्या भाताने मावशीची कणगी भरली, वर आणखी पेंढ्यात गुंडाळून दोन मुडे बांधावे लागले. मावशी त्या वर्षी आमच्याकडे आली ती नुसती हसत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भात आधी राबावर पेरतात, म्हणजे भाजून तयार केलेल्या छोट्या वाफ्यात. तिथे दाट रोपं येतात, त्यांना आवण म्हणतात. ते उपटून, मुठी बांधून मग खाचरात लावतात. आवण कुणाचं कमी पडतं, कुणाचं उरतं. उरलेलं आवण आमच्याकडे कुणी विकत नाही आणि फेकतही नाही. ज्याचं कमी पडलं त्याला ते द्यायचं. त्याने नको म्हणायचं नाही. रोप हिरवं असताना बांधावर सुकू देणं म्हणजे पाप, अशी सगळ्यांची समजूत.

मावशीच्या हाती ही रीत पडली म्हणजे काय झालं असेल, बघा! ती मुद्दाम जास्त पेरायची. लावणीच्या दिवसांत डोक्यावर मुठींचा भारा घेऊन खाचराखाचरांतून फिरायची. "ने गो, चांगला भात हाय, ने." मागितलं नसेल त्यालाही द्यायची. गावातही तिचा मान वाढला. नवरा नसलेली बाई आणि अख्ख्या शिवाराला आवण पुरवते! मोजक्याच पावसाळ्यांत ओढ्याच्या अलीकडचं सगळं शिवार एका भाताचं झालं. लोकांनी जुनं बी कांडून खाल्लं, कशाला ठेवायचं म्हणून. एकट्या दिराने तिचं आवण घेतलं नाही. भारा त्याच्या बांधावर ठेवलेला त्याने पायाने बाजूला सारला. साऱ्या गावाने ते पाहिलं, आणि नाव त्यालाच ठेवलं.

मग तो पावसाळा आला. पाऊस रिमझिम, ऊन नाही, हवा कोंदट. मी गौरीसाठी मावशीकडे गेले होते. ती मला घेऊन शेतात गेली आणि एक पान माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "शिकतीस ना? सांग मग, ह्ये काय हाय?" पानावर डोळ्याच्या आकाराचे डाग होते, दोन्हीकडे टोक, मधे राखाडी, कडेला तपकिरी. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "विचारून सांगते." मावशी म्हणाली, "मंग येवडी फी कशाला भरतात तुजी?" टोमणा खरा होता, त्यामुळे जास्तच लागला.

मी विचारणार होते सरांना. सर म्हणजे कॅम्पातले सर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहत होती. त्यालाच आता उल्हासनगर म्हणायचं असं ठरलं होतं, पण आमच्या तोंडी कॅम्पच. सर पाच नंबरला राहायचे. एका लांबलचक बराकीत गोणपाटं टांगून चार बिऱ्हाडं केलेली, त्यातलं एक त्यांचं. बाहेर खाटेवर पापड वाळत घातलेले, आत कोपऱ्यात एक सूक्ष्मदर्शक, फडक्यात गुंडाळलेला. येताना त्यांनी दागिने नाही आणले, हा आणला. यावरून त्यांच्या घरच्या बाई त्यांना मरेपर्यंत बोलत राहिल्या असणार, कारण मी गेले तेव्हा तेव्हा त्या बोलतच होत्या. सर आम्हा चार-पाच जणांची वनस्पतिशास्त्राची शिकवणी घ्यायचे. तिकडे त्यांनी गव्हाच्या तांबेरा रोगावर वर्षानुवर्षं काम केलं होतं. इकडे गहू नाही, तांबेरा नाही. "मेरा गेहूं भी उधर रह गया, मेरी बीमारी भी," असं ते हसून म्हणायचे. मला त्या हसण्याची कीव यायची.

मी पान दिलं. त्यांनी ते काचेखाली धरलं. मान वर केली तेव्हा डोळे ओले होते. मला कळेना, रोगट पान बघून रडायचं काय कारण? "पुट," ते म्हणाले. मुलीला, मुलाला, सगळ्यांना ते सिंधीत पुटच म्हणायचे. "पुट, ये करपा है. बुरशी. बहोत दिन के बाद कोई काम का चीज लाया किसी ने." आणि लगेच घरच्या बाईंना चहा टाकायला सांगितलं. त्या आतून काहीतरी तिखट बोलल्या, पण चहा आला.

तिकडे गावात बोलणी सुरू झाली होती. डाग पानांवरून पेरांवर गेले. पुढे लोंबी बाहेर पडली तीच मान टाकून. मानेपाशी काळं पडायचं, वर सगळा पोचा. मानमोडी म्हणतात तिला. ओढ्याच्या अलीकडचं सगळं शिवार पांढरं फटक पडलं. मधोमध दिराचं शेत तेवढं उभं, थोडे डाग, पण दाणा भरलेला. मग काय, दीर चावडीवर बसून सांगू लागला, की सरकारच्या बियातून रोग आला आणि वयनीनेच तो घरोघर वाटला. कालपर्यंत जिचं आवण हात पुढे करून घेतलं, तिच्या सावलीला लोक बिचकायला लागले. लावणी चालू असताना विधवेने आवणाला हात लावला म्हणून झालं, असंही दोघी-तिघी बोलल्या. ते माझ्या कानावर आलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्याच बायकांना मावशीने मुठी मोजून दिल्या होत्या!

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मावशी कुणाला बोलून दाखवत नव्हती. कणगी या वर्षी रिकामी राहणार होती. झोडणी झाली की ती चार माणसं पुन्हा बसणार आणि शेत दिराकडे जाणार. मी तिला म्हटलं, "मावशी, बी निर्दोष आहे हे मी दाखवून देते. मग एका सालाची सवलत तरी मिळेल." ती म्हणाली, "कोनाला?" मी म्हटलं, "सगळ्यांना." ती म्हणाली, "बरं," आणि उखळाकडे वळली. तिचा विश्वास बसला नव्हता, पण नाही म्हणाली नाही. मला तेवढं पुरे होतं.

मग मी आणि सर कामाला लागलो. मी तीन ठिकाणची रोगट पानं आणली: एक मावशीच्या शेतातलं, एक दिराच्या शेतातलं, आणि एक डोंगरउतारावरच्या नाचणीचं. तिच्यावरही तसलेच डाग होते. दिराच्या शेतात मी चोरून गेले. काच लावून पाहिलं तर तिन्ही बुरश्या सारख्या, तीच नासपतीच्या आकाराची बारीक बीजं. मी म्हटलं, "सर, एकच आहे." सर म्हणाले, "शकल एक है. अकल देखेंगे."

बुरशी वाढवायला काचेच्या नळ्यांत घट्ट खळ लागते. साहित्य कुठून आणणार? सरांनी बाजारातून चायनाग्रास आणलं, ज्याचं पुडिंग करतात ते. भाताचा कोंडा मी आणला. दोन्ही उकळून नळ्यांत ओतलं. घरच्या बाईंनी डोक्याला हात लावला, त्यांचं पातेलं त्यात गेलं. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत आम्ही रोपं लावली, नवं भात आणि जुनं भात वेगवेगळं. जुन्याची रोपंही दिराच्या बांधावरूनच उपटून आणलेली. बुरशीची बीजं पाण्यात मिसळून लग्नातल्या गुलाबदाणीने पानांवर शिंपायची, आणि वर ओलं गोणपाट बांधायचं. कॅम्पातले लोक विचारायचे, काय चाललंय, आणि सर सांगायचे, "शादी है."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. एकाही पानावर डाग नाही, ना नव्या भातावर, ना जुन्यावर. मी रडकुंडीला आले. तिकडे कापणी तोंडावर आलेली आणि इथे बुरशीबाई रुसून बसलेल्या. सर नळ्या उजेडात धरून बघत राहिले. बुरशी पांढरी, कापसासारखी मऊ झाली होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "मेरी गलती, पुट. इसको बैठे-बैठे खिलाया." ते नळीतून नळीत तीच बुरशी पुन्हा पुन्हा लावत होते, फुकट जाऊ नये म्हणून. निर्वासित माणूस, कुठलीच गोष्ट टाकून देववत नाही. पण कोंड्याच्या खळीवर बुरशीला पान फोडून आत शिरायची गरजच नव्हती. ज्या धाग्यांना पान फोडता येतं ते आणि ज्यांना येत नाही ते, दोघांचंही तिथे सारखंच चालायचं. आणि आळशी असतील ते उलट भराभर वाढायचे. काही पिढ्यांत नळीत उरले ते सगळे आळशी.

त्या दुपारी त्यांनी मला जे समजावलं ते मी जन्मभर विसरले नाही. ते म्हणाले, बुरशी एक दिसते, पण एक नसते. तिच्यात नेहमी नाना परी असतात, थोडी अशी, थोडी तशी. कुणाला या भाताचं पान फोडता येतं, कुणाला त्या. बुरशी काही शिकत नाही की ठरवत नाही. निवड करतं ते झाड. ज्या झाडावर ती बसते ते झाडच ठरवतं, यातलं कोण जगणार आणि कोणाची पिलावळ वाढणार. मी म्हटलं, "म्हणजे झाडच आपला वैरी घडवतं?" ते म्हणाले, "हां. और उसको पता भी नहीं."  तोवर मला वाटायचं, रोग म्हणजे बाहेरून येणारं काहीतरी, आणि झाड म्हणजे बिचारं.

आम्ही ताजी पानं आणून पुन्हा सुरुवात केली. या वेळी नळीत मुक्काम फार नाही, पानावरून थेट पानावर. आणि निकाल लागला! नाचणीवरची बुरशी भाताकडे ढुंकून बघेना. मावशीच्या शेतातली बुरशी नव्या भातावर अशी तुटून पडली की डबेच्या डबे करपले, पण जुन्या भातावर जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढे डाग. आणि दिराच्या शेतातल्या बुरशीचं काही धड नाही. या रोपावर थोडी, त्या रोपावर नाही, एका नळीतली अशी तर दुसरीतली तशी. तिथे पन्नास प्रकारची रोपं शेजारी शेजारी. एकाला फोडणारी बुरशी शेजारच्यापाशी अडायची. कुणा एकीची तिथे चैन नव्हती. आणि अलीकडच्या शिवारात एकच भात, ओढ्यापासून टेकडीपर्यंत. बुरशीच्या ज्या प्रकाराला ते फोडता आलं त्याला आडवं यायला कुणीच नव्हतं.

मी नाचायचीच बाकी होते. बी निर्दोष होतं! रोग बियाने आणलेला नव्हता, तो आधीपासून होता, जुन्या भातावरही होता. सगळ्यांनी एकच लावलं म्हणून तो माजला. मी सरांना म्हटलं, तुम्ही गावात या आणि हे सांगा. सरांनी धुतलेला कोट चढवला, दोन डबे पिशवीत घेतले, आणि आम्ही बदलापूरला गेलो.

झोडणी झाली होती. मावशीच्या अंगणात पेंढ्याची उडवी मोठी, आणि भात सुपात मावेल एवढं. चार माणसं देवळापुढच्या पारावर बसली. दीर होता, गावचे बरेच पुरुष होते, बाया कडेला भिंतीशी. मावशी मधोमध, पदर खोचून, भांडायला आल्यासारखी. सरांनी दोन्ही डबे पारावर ठेवले, एक करपलेला, एक हिरवा. हिंदी, मराठी, सिंधी जे तोंडी येईल त्यात ते बोलले, पण बोलले सुरेख. लोकांना कळलं. माना डोलल्या. मी मावशीकडे बघून हसले सुद्धा.

मग त्या चारांतला सगळ्यात म्हातारा खाकरला. "म्हंजे मास्तर, बियाचा दोष नाय. सगल्यांनी येकच भात लावला त्याचा दोष."

"बराबर," सर म्हणाले.

"मंग सगल्यांना त्यो येकच भात दिला कोनी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.  हा प्रश्न मला कसा सुचला नव्हता! बियाला सोडवायला आम्ही एवढा खटाटोप केला, आणि बी सुटलं तेव्हा दोरी मावशीच्या गळ्यात. म्हाताऱ्याचा मला असा राग आला की काय सांगू. पण तो खोटं बोलत नव्हता.

मावशी उभी राहिली. "मी दिला. कोनाच्या घरात घुसून नाय लावला. चांगला व्हता म्हनून दिला."

"ऐका, ऐका," दीर म्हणाला. "आता मास्तरांनीच सांगावं, पुढल्या साली काय लावायचं?"

सर हळूच म्हणाले, "पुराना. मिलाजुला."

"आनि ते कोनाकडं हाय?" दीर सगळ्यांकडे बघून हसला. "साऱ्यांनी कांडून खाल्लं. माज्या येकट्याकडं हाय. लोकांना मी दीन, पसापसा. वयनीचा काय प्रश्न नाय, तिचं शेत मलाच कसायचं हाय." यात वावगं असं काही बोलला नव्हता तो. कणगी रिकामी होती, बी त्याच्याकडे होतं, ठरलेलं ठरलं होतं. म्हाताऱ्यानेही मान हलवली. मावशीने मान खाली घातली. तिला तसं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. 

तेवढ्यात बायांमधून एक उठली आणि घराकडे गेली. दिराची बायको, म्हणजे मावशीची धाकटी जाऊ. चार शब्द कधी मोठ्याने न बोललेली बाई. परत आली ती कमरेवर टोपली घेऊन, टोपलीत मडकी, तोंडाला फडकी बांधलेली. ती सरळ पारासमोर येऊन उभी राहिली.

"तुला कोनी बोलावलं?" दीर ओरडला.

"बी मी निवडते, मी राखते," ती म्हणाली. "कंच्या मडक्यात काय हाय, तुमाला म्हायती तरी हाय का?" बाया फिसकन हसल्या. ती मात्र हसली नाही. ती मावशीकडे वळली. "जमीन वाटली, भांडी वाटली, बी कोनी वाटलंच नाय. सासूबाय जाताना मला बोलल्या, ह्यातलं अर्धं थोरलीचं. पन ती मागंल तवा दे, आपून व्हऊन देऊ नको, तिला घ्यायची सवय नाय. मी वाट बघितली बाय. इतकी सालं बघितली. मी धाडलेल्या शेवग्याच्या शेंगा पन तुमी परत धाडल्या. सगल्या गावाला दिलंत, पन मागितलं कदी नाय."

 दीर काहीतरी बोलायला गेला, म्हाताऱ्याने त्याला हाताने थांबवलं. मग मावशीला म्हणाला, "सासूचं अर्धं बी तुजं हाय, म्हंजे वाटनी आजून पुरी नाय झाली. मंग औंदाची रिकामी कणगी धरायची नाय, शेत तुजंच ऱ्हाईल, पुढल्या साली भर कणगी. पन बी मागून घे. ती म्हातारी तसं बोलून गेलीय."

जाऊ टोपली घेऊन उभीच होती. खाली ठेवत नव्हती, पुढेही करत नव्हती. मावशीचा चेहरा लालबुंद झाला होता. मी तिला ओळखत होते. शेत गेलं तरी चालेल, पण हे नको, असं तिच्या मनात चाललं होतं, आणि आता ही पाठ फिरवून निघून जाते की काय या भीतीने मी सरांचा कोट घट्ट धरला. सगळं गाव बघत होतं, मावशीने दिलेल्या मुठी नेलेली प्रत्येक बाई बघत होती.

मावशीने खोचलेला पदर सोडला. दोन्ही हातांनी तो पुढे धरला. तिचा आवाज मला ओळखूच आला नाही.

"दे गो," ती म्हणाली. "माज्याकडं कायच नाय."